नातवाचं नाव ओटो: आजींचं पत्र आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या जर्मन नावांबद्दल लिहिताना ओटो हे नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. मला वाटलं कुणाचं लक्षही जाणार नाही, पण या महिन्यातली पत्रं उघडली तर चार जणांना नेमकं तेवढंच हवंय. मग म्हटलं हा अख्खा अंक ओटोलाच देऊन टाकू.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी लाइपझिगला असते, जावई तिकडचेच. मागच्या महिन्यात त्यांना मुलगा झाला, आम्ही सगळे खूश. व्हिडिओ कॉलवर नाव सांगितलं, ओटो. मला वाटलं नेटवर्क गेलं, म्हटलं परत सांग, तर परत ओटोच. आमच्या ह्यांनी लगेच "मीटरने जाणार का?" म्हणून जोक मारला आणि मुलगी रुसली ती अजून धड बोलत नाहीये. नाव जावयांच्या पणजोबांचं आहे म्हणे. विहीणबाईंना मुलीकरवी विचारलं तर त्यांनीसुद्धा नाक मुरडलं, म्हणे हे म्हाताऱ्यांचं नाव, आमच्या आजोबांच्या पिढीत असायचं. आता मला सांगा, याला काही अर्थ तरी आहे का? आणि जरा भीतभीत विचारते, हे हिटलरच्या वेळचं वगैरे तर नाही ना? बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय, त्यावर नाव घालायचं होतं पण आता सुया थांबल्यात.
– एक आजी

उत्तर: आजी, आधी सुया हातात घ्या. नाव चांगलं आहे. स्वेटरचं शेवटी सांगते, त्यात एक गंमत आहे.

पहिल्यांदा तुमच्या यजमानांचा जोक निकालात काढू. जर्मन माणूस गाडीला म्हणतो "आउटो", आणि तुमच्या नातवाच्या नावातला पहिला ओ आखूड आणि उघडा, म्हणजे आपण ज्याला ऑटो म्हणतो ना, अगदी तस्साच उच्चार होतो नातवाच्या नावाचा. त्यामुळे हा जोक फक्त मराठीत होतो, तिकडे शाळेत त्याला यावरून कुणी चिडवणार नाही. (चिडवतील ते वेगळ्या कारणानं, ते पुढे येतंच.) मी इथे ओटो लिहितेय ते निव्वळ तुमच्या डोळ्यासमोर तीन चाकं येऊ नयेत म्हणून.

आता अर्थ. जुन्या जर्मनमध्ये "ओट" म्हणजे धन, मालमत्ता, वाडवडिलांकडून आलेली इस्टेट. त्याच्याही आधीचं रूप "आउद". हाच शब्द जुन्या इंग्रजीत "एआद" होऊन बसला आणि त्यातून एडवर्ड, एडमंड, एडगर, एडविन ही सगळी मंडळी निघाली, म्हणजे तुमच्या नातवाची इंग्लंडात सख्खी नाही तरी चुलत भावंडं भरपूर आहेत. जमिनीच्या कायद्यात "आलोड" म्हणून एक जुना शब्द सापडतो, वर कुणी सरदार जहागीरदार नसलेली, पूर्ण स्वतःच्या मालकीची जमीन, त्यातला शेवटचा तुकडाही हाच. म्हणजे धन म्हणजे नुसता पैसा असं नाही, आपलं म्हणावं असं काहीतरी, ज्यावर दुसऱ्याचा हक्क नाही.

पण मला विचाराल तर अर्थापेक्षा नाव तयार कसं झालं ते जास्त मजेशीर आहे. त्या काळी जर्मन टोळ्यांमध्ये नावं जोडशब्दांची असायची, दोन वजनदार शब्द घ्यायचे आणि एकमेकांना चिकटवायचे, दोघांचा मिळून काही अर्थ लागलाच पाहिजे अशी सक्ती नाही. फ्रिडरिश म्हणजे शांतता अधिक सत्ता, लुडविग म्हणजे कीर्ती अधिक लढाई. तसंच ओटमार, धन अधिक प्रसिद्धी, आणि ओटोकार, धन अधिक जागरूक. (या ओटोकारचं जुनं रूप ओडोआकर, आणि त्याच नावाच्या सेनापतीनं ४७६ मध्ये रोमच्या पश्चिमेकडच्या शेवटच्या बादशहाला घरी बसवलं.) आता एवढी लांबलचक नावं पाळण्यात कोण हाक मारणार, मग पुढचा तुकडा ठेवायचा, मागचा कापायचा आणि शेवटी ओ लावायचा. कॉनराडचा कुनो, डीट्रिशचा टिलो, तसा ओटमारचा किंवा ओटोकारचा ओटो. आपण दत्तात्रयाचा दत्तू आणि पांडुरंगाचा पांडू करतो त्यातलाच प्रकार. आणि स्पेलिंगमध्ये ते दोन टी दिसतात ना, ते लाडाचे, लाडात व्यंजन दाबून म्हणायची खोड सगळीकडेच असते, आपले अप्पा, अण्णा, अक्का बघा की. म्हणजे ओटो हे मुळात भारदस्त नावच नाही, ते घरातलं लाडाचं हाक मारायचं नाव आहे, आणि पुढचा सगळा इतिहास म्हणजे दत्तू नावाचा माणूस बादशहा झाल्यासारखा आहे.

बादशहा खरोखरच झाला. सॅक्सनीचा ड्यूक ओटो ९१२ मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याला नातू झाला, त्याचंही नाव ओटो ठेवलं. हे मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या विहीणबाई म्हणतात ना म्हाताऱ्यांचं नाव, तर बरोबरच आहे त्यांचं, पण ते ९१२ मध्येही म्हाताऱ्यांचंच नाव होतं. आजोबांकडून नातवाकडे जायचं हीच या नावाची पहिल्यापासूनची चाल आहे.

हा नातू ९३६ मध्ये आखेन इथे राजा झाला, ९५५ मध्ये आउग्सबुर्गजवळ लेखफेल्डच्या मैदानात त्यानं हंगेरियन घोडेस्वारांना असं हरवलं की त्यांच्या पश्चिमेकडच्या स्वाऱ्याच बंद पडल्या, आणि २ फेब्रुवारी ९६२ ला रोममध्ये पोपच्या हातून बादशाही मुकुट घातला. इतिहासात त्याला ओटो द ग्रेट म्हणतात. मग त्याचा मुलगा ओटो, त्याचा नातू ओटो, तिघं ओळीनं, इतकं की त्या घराण्याचं नावच ओटोनियन पडलं, त्या काळातल्या चित्रांना आणि चर्चच्या बांधकामालाही ओटोनियन म्हणतात. तिसरा ओटो तर तीन वर्षांचा होता मुकुट चढला तेव्हा, ९८३ चा नाताळ, आखेनमध्ये सोहळा चाललेला आणि तिकडे रोममध्ये बाप आधीच गेलेला, फक्त बातमी पोचायची होती. बिचारा एकविसाव्या वर्षी गेला.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पहिल्या ओटोच्या बायकोची आहे. ती इंग्लंडची राजकन्या, एडिथ, त्यांच्या जुन्या भाषेत एआदगिथ. आता वर सांगितलेलं आठवा, एआद म्हणजे धन. म्हणजे नवऱ्याच्या नावात धन आणि बायकोच्याही नावात तेच धन, समुद्राच्या दोन काठांवर वेगवेगळं वाढलेलं, आणि लग्नात दोन्ही एका घरात आली. ती ९४६ मध्ये गेली, जेमतेम पस्तिशीतली असेल. तिच्या जाण्यानंतर ओटो लिहायला-वाचायला शिकला असं त्या काळच्या विडुकिंड नावाच्या साधूनं लिहून ठेवलंय, म्हणजे बादशहा होणारा माणूस तोवर स्वतःचं चार अक्षरांचं नावही वाचत नव्हता! माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तिची म्हणून एक दगडी शवपेटी आहे, सगळे समजत होते की ती नुसती स्मारक म्हणून ठेवलेली, आत काही नाही. २००८ मध्ये उघडली तर आत शिशाची पेटी, आणि त्यात रेशमात गुंडाळलेली हाडं. मग दातांची तपासणी झाली. लहानपणी माणूस जिथलं पाणी पितो तिथल्या मातीच्या खुणा दातांच्या आवरणात राहतात, आणि या दातांतल्या खुणा दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या जमिनीशी जुळल्या. हजार वर्षांनी बाईचं माहेर दातांवरून सापडलं. ओटोही त्याच कॅथेड्रलमध्ये आहे, आणि माग्डेबुर्ग शहर आज स्वतःला ओटोचं शहर म्हणून मिरवतं. लाइपझिगहून ते काही फार लांब नाही, मुलीकडे गेलात तर ट्रेननं एका दिवसात जाऊन याल, नातवाला घेऊनच जा.

त्यानंतरची काही शतकं मी उडी मारते. नाव चालू होतं, बांबेर्गचे बिशप ओटो संत झाले, ३० जूनला त्यांचा दिवस असतो, तो नातवाचा नेमडे, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणून धरायला हरकत नाही. पण नावाची खरी लाट आली ती बिस्मार्कमुळे. जर्मनी एक करणारा तो चॅन्सेलर, जन्म १ एप्रिल १८१५, पूर्ण नाव ओटो एडुआर्ड लिओपोल्ड. (एडुआर्ड म्हणजे एडवर्ड, म्हणजे परत तोच एआद, आईबापांनी धन डबल भरलंय.) १८७१ ला साम्राज्य झालं आणि मग घरोघरी ओटो, १९०० च्या आसपास हे तिकडच्या नेहमीच्या नावांपैकी एक होतं. हे मी पोकळ बोलत नाही, नोबेलची यादी काढून बघा. वालाख १९१०, मायरहोफ १९२२, वारबुर्ग १९३१, लोएवी १९३६, श्टेर्न १९४३, हान १९४४, डील्स १९५०, सातही जणांचं पहिलं नाव ओटो. ही जादू नावाची नाही हो, त्या पिढीत ओटोच इतके होते की जिथे हात घालाल तिथे एखादा लागायचाच.

आता तुमची भीती. ती मला समजते, आणि विचारलंत ते बरं केलंत. अडॉल्फ या नावाचं जे झालं ते ओटोचं झालं नाही. या नावाची माणसं त्या काळात दोन्हीकडे होती, कारण नाव सगळ्यांचंच होतं, ज्यू घरांमध्येही सर्रास होतं. वरच्या यादीतले मायरहोफ, लोएवी आणि श्टेर्न तिघेही ज्यू म्हणून देश सोडून गेले. अ‍ॅन फ्रँकच्या वडिलांचं नाव ओटो, फ्रांकफुर्टमध्ये १८८९ ला जन्मलेले, घरातले एकटे तेच छळछावणीतून परत आले आणि मुलीची डायरी जगापुढे आणली. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सगळे अधिकार देणारा कायदा संसदेत आला तेव्हा त्याच्याविरुद्ध उभं राहून बोललेला एकमेव पक्षनेता म्हणजे ओटो वेल्स, सोशल डेमोक्रॅट, बाहेर आणि आत गणवेशातली माणसं उभी असताना, आणि त्याच्या पक्षाच्या हजर असलेल्या ९४ च्या ९४ जणांनी विरोधात मत दिलं. आणि अजून एक ओटो, हांपेल आडनावाचा बर्लिनमधला साधा कामगार. बायकोचा भाऊ युद्धात मेल्यावर तो आणि त्याची बायको एलिझ घरी बसून पोस्टकार्डांवर हिटलरविरुद्ध मजकूर लिहायचे, मोठ्या ओबडधोबड अक्षरांत, आणि ती कार्डं लोकांच्या इमारतींच्या जिन्यात ठेवून यायचे. दोनशेच्यावर कार्डं झाली. बहुतेक कार्डं लोकांनी घाबरून पोलिसांकडे नेऊन दिली. ८ एप्रिल १९४३ ला दोघांनाही मृत्युदंड दिला. त्यामुळे नावाला डाग आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे दोन-तीन ओटो सांगा.

युद्धानंतर नाव खाली आलं ते वेगळ्याच कारणानं, ते फार कॉमन झालं होतं. रेशनच्या दिवसांत ज्याला काही जादा मिळत नाही अशा माणसाच्या कार्डावर "नॉर्मालफेरब्राउखर" लिहिलेलं असायचं, म्हणजे साधा ग्राहक. १९४८ च्या एका सिनेमात हिरोचं नावच ओटो नॉर्मालफेरब्राउखर ठेवलं, वाळलेला, काटकुळा, युद्धावरून परतलेला माणूस, आणि तेव्हापासून आजतागायत जर्मनमध्ये सामान्य माणसाला हेच नाव आहे. बादशहापासून रेशनच्या रांगेपर्यंत. वर आणखी एक म्हणजे पोट बिघडून सारखं पळावं लागलं तर जर्मन लोक म्हणतात मला "चपळ ओटो" झालाय. हेच ते वर म्हटलं ते चिडवायचं कारण, नातवाला यावरून एखादा दिवस ऐकावं लागणार, आधीच सांगून ठेवते. मग ओटो वाल्केस नावाचा विनोदी नट आला, त्याचा १९८५ चा सिनेमा तुफान चालला, आणि ओटो म्हटलं की लोकांना हसूच यायला लागलं. अशा नावाचं बाळ कोण ठेवणार? १९६० ते ९० मध्ये जवळजवळ कुणीच ठेवलं नाही.

आणि म्हणूनच ते परत आलं. तिकडे एक ढोबळ हिशोब आहे, आईवडिलांचं नाव कंटाळवाणं वाटतं, आजोबांचं म्हाताऱ्यासारखं, पण पणजोबांचं नाव ऐकणारं फारसं कुणी उरलेलं नसतं त्यामुळे ते परत नवं वाटतं. एमिल, अँटोन, ओस्कार, पाउल, ओटो, ही सगळी वरात २००० नंतर परत निघाली, पूर्वेकडच्या राज्यांमध्ये जरा जास्तच जोरात, आणि लाइपझिग तिथलंच. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडमध्येही हल्ली ओटो भरपूर दिसतात. विहीणबाईंचं नाक मुरडणंही या हिशोबात अगदी बसतं, त्यांनी हे नाव काठी टेकत चालणाऱ्या माणसाबरोबरच ऐकलंय. बालवाडीत नातवाच्या वर्गात दुसरा ओटो निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

माझा स्वतःचा या नावाशी संबंध फोनवरचा. मी तिकडे असताना कुठल्या तरी ऑफिसात फोन केला की माझं आडनाव कुणालाच कळायचं नाही, मग स्पेलिंग सांगायचं, आणि तिकडे प्रत्येक अक्षराला एक ठरलेलं नाव असतं. माझं चार अक्षरांचं आडनाव मी असं सांगायचे: गुस्ताव, ओटो, लुडविग, एमिल. चार म्हातारे एका बाकावर बसल्यासारखे. (आडनाव ओळखा आता.) या यादीलाही इतिहास आहे, १९३४ मध्ये नाझींनी तिच्यातून डेव्हिड, नाथान, सॅम्युएल अशी ज्यू वाटणारी नावं काढून टाकली होती. आता २०२२ पासून ऑफिसांसाठी नवी यादी आलीय, माणसांऐवजी शहरांची, ओ साठी ओफेनबाख. पण सवयीनं लोक फोनवर अजून ओटोच म्हणतात.

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे. थर्मोमध्ये (उष्णता आणि इंजिनांच्या विषयात) ओटो सायकल, म्हणजे पेट्रोल इंजिनाचं चक्र, आहे, चार प्रोसेस, पी-व्ही डायग्राम सगळं पाठ आहे पण हा ओटो कोण ते सरांनी सांगितलं नाही. त्या नावाचा अर्थ आणि याचा काही संबंध आहे का?

उत्तर: नाव तेच, पण इथे ते आडनाव आहे. नंतरच्या काळात बापाचं पहिलं नाव मुलाबाळांचं आडनाव होऊन बसायचं, तसंच हे. माणसाचं नाव निकोलाउस ओटो, जन्म १८३२, पोटापाण्यासाठी फिरता विक्रेता, चहा-साखर असलं काहीबाही विकायचा, इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही (हे परीक्षेच्या आदल्या रात्री आठव, बरं वाटेल). गॅसवर चालणाऱ्या इंजिनांचं वेड लागलं आणि कोलोनजवळ डॉइट्झच्या कारखान्यात १८७६ मध्ये त्यानं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. आत घे, दाब, पेटव, बाहेर टाक, हे चार. त्यातली खरी गोम दुसऱ्यात आहे, पेटवायच्या आधी मिश्रण सिलिंडरमध्येच दाबून घेतलं की त्याच गॅसमधून जास्त काम निघतं, आधीची इंजिनं हे करत नव्हती त्यामुळे गॅस खायची खूप आणि काम थोडं.

गंमत बघ, पेटंट त्याचं, पण १८८६ मध्ये ते रद्द झालं, कारण बो द रोशा नावाच्या एका फ्रेंच माणसानं चार स्ट्रोकची कल्पना आधीच, १८६२ मध्ये, कागदावर मांडलेली सापडली. त्यानं इंजिन काही बनवलं नव्हतं. त्याच कारखान्यात ओटोबरोबर डाइमलर आणि मायबाख होते, ते बाहेर पडले आणि पुढे गाड्यांच्या धंद्यात गेले. पेटंट गेलं तरी नाव राहिलं, जर्मनमध्ये पेट्रोलच्या इंजिनाला आजही ओटोमोटर म्हणतात, आणि सरकारी कागदात पेट्रोललासुद्धा ओटोचं इंधन. त्यामुळे वरच्या आजींच्या यजमानांचा रिक्षाचा जोक नकळत बरोबर निघाला म्हणायचा, पेट्रोलवर चालणाऱ्या चार स्ट्रोकच्या रिक्षात खरोखर ओटोच बसलेला असतो.

प्रश्न: ऑटोमन साम्राज्य या ओटोवरूनच आलं का? आणि इटालियनच्या क्लासमध्ये ओटो म्हणजे आठ शिकवलं, मग नाव आठव्या मुलाचं असायचं का?

उत्तर: दोन्ही नाही. ऑटोमन हे उस्मानवरून, त्या घराण्याचा मूळपुरुष, युरोपात जाता जाता त्या उस्मानचं ऑटोमन झालं. आणि इटालियन आठ हा लॅटिन "ऑक्टो"वरून, म्हणजे आपल्या "अष्ट"चा भाऊ, धनाचा त्यात काही संबंध नाही. इटलीत हे नाव असलं तर ते ओटोने होतं. आता विचारलंयच तर अजून एक फसवा ओटो सांगते, परदेशी सुगंधी तेलांच्या बाटल्यांवर कधी कधी "रोझ ओटो" लिहिलेलं असतं, तो तर आपला घरचाच निघाला, अत्तर शब्दाचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं रूप आहे ते.

प्रश्न: मुलीसाठी या नावाचं काही रूप आहे का?

उत्तर: आहे, ओटिलिए. जुनं रूप ओडिलिया, फ्रान्समधल्या आल्सासची संत, जन्मतः आंधळी होती आणि बाप्तिस्म्याच्या वेळी दृष्टी आली अशी कथा, त्यामुळे डोळ्यांच्या दुखण्यासाठी तिला साकडं घालतात. फ्रेंचमध्ये ओडील आणि ओडेट हीसुद्धा याच घरातली. ओटिलिए पण हल्ली परत ऐकू यायला लागलंय, कानाला मला तरी ओटोपेक्षा गोड वाटतं.

आणि हो आजी, स्वेटर. लोकरीत हे नाव घालणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. फ्रान्समध्ये बायो गावात अकराव्या शतकातलं एक कापड आहे, साधारण ७० मीटर लांब, तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्यानं भरलेलं, १०६६ ची इंग्लंडवरची स्वारी त्यावर चित्रांत काढलीय. त्यात नॉर्मन राजा विल्यमचा सावत्र भाऊ लढाईच्या गर्दीत घोड्यावर बसून दंडुका उगारतोय आणि त्याच्या वर लोकरीनं नाव भरलंय, ओडो. आपल्या ओटोचंच फ्रेंच बाजूचं रूप.

तुम्ही नाव रोमन कॅपिटलमध्ये घ्या, ओ, टी, टी, ओ. स्मॉलमधला टी घेऊ नका, त्याला खाली आकडी असते. कॅपिटल घेतलंत तर प्रत्येक अक्षर डावीउजवीकडून सारखं आणि अख्खं नावही उलटं वाचलं तरी तेच. ग्राफवरून नाव विणताना सुलट ओळ उजवीकडून आणि उलट ओळ डावीकडून वाचायची हे विसरलं की अक्षरं उलटी येतात आणि सगळं उसवावं लागतं, माझ्या हातून दोनदा झालंय. ओटोमध्ये तुम्ही कुठूनही सुरू करा, चुकायची सोयच नाही. आणि बाळ रांगत आरशापुढे जाईल तेव्हा त्याला आरशातही छातीवर बरोबरच नाव दिसेल. मध्ये दोन टी शेजारीशेजारी येतात त्यांच्यात दोन टाके मोकळे सोडा, नाहीतर वरच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि लांबून टेबलासारखं दिसतं.